एका वाक्याचं उत्तर

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. नाव साहेबांनी ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की नव्यानं आलेल्या लोकांना तिचं खरं नाव विचारायचं सुचायचंसुद्धा नाही. तिला राग यायचा म्हणता? छे! उलट आतून गुदगुल्याच व्हायच्या. पानभर पाल्हाळ लावलेला मजकूर तिच्यापुढे टाका, ती ओठांतल्या ओठांत एकदा वाचणार, मान तिरकी करणार आणि असा कापून देणार, की मूळ लिहिणाऱ्यालाही वाटावं, अरेच्चा, मला एवढंच तर म्हणायचं होतं!

घरीही तीच खोड. नवरा सांगायला लागायचा, "आज काय झालं, मी निघालो तर लिफ्ट बंद, मग जिन्यानं उतरतोय तर तो वरचा भेटला, तो मला म्हणतो..." की ही मधेच, "म्हणजे उशीर झाला." नवरा बिचारा कपाळाला हात लावायचा. "अगं बाई, मला काय झालं ते सांगायचं नव्हतं, कसं झालं ते सांगायचं होतं!" ती हसायची आणि भाजी चिरायला घ्यायची. माणूस म्हणून वाईट नव्हती हो. कामाची, जिवाला जीव देणारी. फक्त लांबण लागलं की तिच्या जिवाची घालमेल व्हायची.

आता तिचं काम काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सासूबाईंनी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "वेबसाइटच्या मागे चिठ्ठ्या लावते." सासूबाईंनी "असं होय" म्हणून विषय सोडून दिला. पण ते खरंच तसं आहे. वेबसाइटच्या पानाला एक पुढची बाजू असते, ती माणसांसाठी. फोटो, रंग, मजकूर. माणूस बघतो आणि त्याला आपोआप कळतं, हा पत्ता, ही दुकान उघडायची वेळ, हा प्रश्न आणि हे त्याचं उत्तर. मशीनला मात्र ढिम्म कळत नाही. त्याच्यासाठी पानाच्या मागच्या बाजूला प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी लावून ठेवावी लागते, स्वयंपाकघरात एकसारख्या डब्यांवर लावतात तशी. हा प्रश्न. हे उत्तर. हे एवढं मोठ्यानं वाचून दाखवायचं. या चिठ्ठ्यांना धंद्यात स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम चिठ्ठ्यांचंच.

आणि या चिठ्ठ्या कोणासाठी? तर घराघरांत आता जी बोलकी पेटी बसली आहे ना, व्हॉइस असिस्टंट, तिच्यासाठी. तिला प्रश्न विचारा, ती उत्तर बोलते. मोबाइलवर शोधलं तर दहा जागा दिसतात, त्यातली हवी ती उघडायची. पेटी तसं करत नाही. ती एकच उत्तर निवडते, एकदाच बोलते आणि गप्प बसते. त्यामुळे सगळ्या कंपन्यांची मारामारी त्या एका उत्तरासाठी. आणि पेटीला आवडतं आखूड. लांबलचक उत्तराला ती हुंगतसुद्धा नाही. म्हणून कात्रीला ऑफिसात मान होता.

साखरेच्या डॉक्टरबाईंची वेबसाइट हे तिचं सगळ्यात नावाजलेलं काम. मधुमेहाच्या पेशंटसाठी डॉक्टरबाईंनी स्वतः बसून प्रश्नोत्तरं लिहिली होती. बाईंचा हात लिहिता, पण सैल. एकेका प्रश्नाला उत्तर म्हणून पाऊण पान. 'गोळी घ्यायची राहिली तर काय करावं?' या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं, राहिलेली गोळी आठवण होताच घ्या. मात्र पुढच्या गोळीची वेळ होत आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका, साखर झपाट्यानं उतरून जिवावर बेतू शकतं. त्याखाली साखर उतरल्याची लक्षणं, घरच्यांनी काय करायचं, काय करायचं नाही, असं बरंच काही.

पुढच्या पानावर कात्रीनं यातला एक शब्दही हलवला नाही. पण मागे जी वाचून दाखवायची चिठ्ठी लावायची, त्यात तिनं पहिलं वाक्य तेवढं घातलं. राहिलेली गोळी आठवण होताच घ्या. सुटसुटीत! प्रश्न सरळ, उत्तर सरळ. डॉक्टरबाईंनी पान वाचलं, समाधानानं मान डोलावली. मागची बाजू त्यांनी बघितली नाही. मागची बाजू कोणीच बघत नाही. आणि मग खरंच, पेटीनं तेच उत्तर उचललं. कोणीही, कुठेही हा प्रश्न विचारला की पेटी डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचं नाव घेऊन ते वाक्य बोलायला लागली. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात कात्री!"

तिला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

पेटीचा आणखी एक उपकार तिच्यावर होता. तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. वडील गेल्यावर आईनं घर सोडायला साफ नकार दिला. पुढे आईची नजर अधू होत गेली. मधोमध सगळं धुरकट आणि कडेकडेनं थोडं दिसायचं. वाचणं बंद झालं तशी ती कात्रीला फोन करायला लागली. आज वार कोणता गं? बँक किती वाजता उघडते? त्या पांढऱ्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं गं? मीटिंगमध्ये फोन, बसमध्ये फोन, जेवताना फोन. शेवटी कात्रीनं एक पेटी आणली, आईच्या खोलीत कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "आई, आता काही अडलं की हिला विचारायचं. ही कंटाळत नाही." आईनं मान हलवली. फोन कमी झाले. कात्रीला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी ऑफिसात एक नवीन पाहुण्या आल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांचं निवासगृह चालवणाऱ्या बाई. त्यांना त्यांच्या वेबसाइटचं काम द्यायचं होतं. साहेबांच्या उत्साहाला तर ऊतच आला. पेटी टेबलावर मधोमध ठेवली, कात्रीला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "विचारा मॅडम, काहीही विचारा! बरं थांबा, मीच विचारतो." आणि पेटीकडे वाकून त्यांनी तो गोळीचा प्रश्न विचारला.

पेटीनं गोड आवाजात दवाखान्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, "राहिलेली गोळी आठवण होताच घ्या."

साहेबांनी विजयी मुद्रेनं पाहुण्यांकडे बघितलं. बाई मात्र पेटीकडेच बघत होत्या. थोडा वेळ वाट बघून त्या म्हणाल्या, "पुढे?"

"पुढे काय?"

"नाही, आमच्याकडच्या आजोबांना रात्रीची गोळी आठवते ती सकाळची गोळी हातात घेतल्यावर. मग दोन्ही घ्यायच्या का? विचारा ना तिला."

साहेबांनी विचारलं. पेटी म्हणाली, "क्षमा करा, याचं उत्तर माझ्याकडे नाही."

इतके दिवस ते वाक्य कात्रीनं डोळ्यांनी वाचलं होतं, आणि डोळ्यांनी वाचताना त्याच्याखालची बाकीची वाक्यं तिला आपोआप दिसत होती. दिसत होती म्हणून ती आहेतच असं ती धरून चालली होती. आज पहिल्यांदा तिनं ते नुसतं ऐकलं. ऐकणाऱ्याला खाली काही नसतं. वाक्य संपलं की संपलं. ज्याला दिसतं त्याला पूर्ण उत्तर मिळत होतं आणि ज्याला दिसत नाही, जो पेटीच्याच भरवशावर बसला आहे, त्याला ती नुसतं घ्या म्हणत होती. कधी घेऊ नका ते तिनंच कापून टाकलं होतं.

ती उठली ती थेट आपल्या जागेवर. पासवर्ड दोनदा चुकला. चिठ्ठी उघडली, डॉक्टरबाईंची तिन्ही वाक्यं त्यात घातली, पान पुन्हा चढवलं. मग मोबाइलमधल्या असिस्टंटला कुजबुजत तोच प्रश्न विचारला.

"राहिलेली गोळी आठवण होताच घ्या."

हे तिला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. पेटी दरवेळी ताजं पान वाचायला जात नाही. एकदा वाचून ठेवलेलं असतं, तेच सांगत राहते. पुन्हा फेरी कधी मारायची ते तिचं तीच ठरवते. आज मारेल, नाहीतर पुढच्या आठवड्यात. एरवी कात्री गिऱ्हाइकांना हसत सांगायची, "थोडा धीर धरा." आता तिला धीर धरवेना. तिनं चिठ्ठीच काढून टाकली. पुन्हा विचारलं. पेटी तेच बोलली, त्याच गोड आवाजात.

साहेब पाहुण्यांना पोचवून आत आले. "काय झालं? चेहरा का असा उतरलाय?"

तिनं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता खुर्चीत बसले. "पण पानावर सगळं बरोबर आहे ना?"

"पेटी पान नाही वाचत सर, चिठ्ठी वाचते."

"मग चिठ्ठी काढ!"

"काढली. तरी बोलतेय."

साहेबांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "हे बघ, बाहेर कुठे बोलू नकोस. पान बरोबर आहे म्हटल्यावर आपल्याला कोणी काही म्हणू शकत नाही. आणि लोक काय, असं ऐकून गोळ्या घेतात होय?"

घेतात. तिच्या डोळ्यांपुढे एकदम आई आली. कपाटावरची पेटी, शेजारी आईच्या गोळ्यांची पांढरी बाटली. साखरेच्याच गोळ्या! आणि "काही अडलं की हिला विचारायचं" असं सांगणारी कोण? तर ही स्वतः.

तिनं फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद पडला. पुन्हा लावला. तेच. आई फोन कधी चुकवायची नाही. नजर गेल्यापासून तर फोन पदराला बांधल्यासारखा जवळ असायचा. कात्रीनं पर्स उचलली आणि साहेब "अगं, अगं" करत असताना ती जिना उतरलीसुद्धा.

टॅक्सी मिळेना. बस मिळाली ती अशी रखडत चाललेली, की उतरून धावावं असं वाटायला लागलं. ती दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहिली. फोन कानाला लावलेला. पलीकडे घंटी जाते आहे आणि कोणी उचलत नाही, हा आवाज तुम्ही कधी असा ऐकला असेल तर मी वेगळं काय सांगू? तिच्या मनात नको ते विचार यायला लागले. आईनं सकाळी विचारलं असेल. पेटीनं सांगितलं असेल. आई आज्ञाधारक बाई, दोन्ही गोळ्या गिळल्या असतील. त्यातून आई खाते चिमणीएवढं. आता ती न्हाणीघरात पडलेली असेल. नाहीतर खुर्चीत मान टाकून. आणि पेटी कपाटावर बसून, कोणी काही विचारायची वाट बघत असेल. शेजारच्या एका म्हातारबुवांनी "बसा बाई" म्हणून जागा दिली. तिला बसायचंसुद्धा सुचलं नाही.

इमारतीचा जिना ती कशी चढली ते तिलाच माहीत नाही. बेल वाजवली. आतून काही नाही. पर्समधून किल्ली शोधताना सगळी पर्स तिनं पायरीवर उलटी केली. दार उघडलं. पुढची खोली रिकामी. आतली खोली रिकामी.

"आई!"

"अगं, किती ओरडतेस! बहिरी नाही झाले अजून."

आई मागच्या गॅलरीत पाट टाकून मटार सोलत बसली होती. मांडीवर परात. कुठल्या शेंगेत दाणे आहेत आणि कुठली पोकळ, ते तिच्या बोटांना बरोबर कळत होतं.

कात्रीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच फरशीवर बसली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

आई घाबरली. "काय गं? कोणाला काही झालं का? जावईबापू ठीक आहेत ना?"

"फोन का नाही उचललास?"

"कुठे वाजला? हं, उशीखाली असेल. ती बँकवाली पोरगी सारखी फोन करते, म्हणून त्याचं तोंड बंद केलं होतं सकाळी." आईनं ओल्या हातानं तिचे डोळे पुसले. "एवढ्यासाठी रडायचं? वेडी कुठली."

"गोळी घेतलीस का? किती घेतल्यास?"

"एक. आणखी किती घेतात?"

"कालची राहिली नव्हती ना?"

"मी कशाला विसरते? डोळे गेलेत, डोकं नाही गेलं." आईनं एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. "विसरतात ते खालचे चष्मेवाले. सकाळीच आले होते विचारायला."

कात्रीनं डोकं वर केलं.

हे चष्मेवाले काका म्हणजे खालच्या मजल्यावरचे. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं. बायको गेली, दुकान बंद केलं, आता एकटेच. आईचे सगळे चष्मे त्यांनीच केलेले. शेवटी एक दिवस त्यांनीच सांगितलं होतं, "वहिनी, आता माझ्या काचेच्या हातात काही राहिलं नाही." तेव्हापासून आईशी त्यांचं फार मायेनं वागणं. आईची वीज गेली की हेच धावत वर यायचे.

"काय विचारायला आले होते?"

"म्हणाले, वहिनी, काल रात्रीची गोळी राहिली आणि आता सकाळची वेळ झाली, करू काय? मी म्हटलं, मला कशाला विचारता, आपल्याकडे पेटी आहे की. विचारलं तिला. ती म्हणाली, राहिलेली आठवेल तशी घ्या. बरं म्हणून गेले खाली."

"आई, किल्ली!"

"कसली?"

"काकांच्या घराची किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

आईनं परात बाजूला ठेवली. लेकीच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण तिनं पुढे एक अक्षर विचारलं नाही. भिंत चाचपत गेली आणि खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

खालचं दार उघडलं तेव्हा काका पलंगाला टेकून जमिनीवर बसले होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. डोळे उघडे, पण नजर ओळखीची नाही. टेबलावर चहाचा कप तसाच भरलेला, साय धरलेली. कात्री समोर बसली, "काका, काका" करून गालावर चापट्या मारल्या. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि जड जिभेनं म्हणाले, "खालची ओळ वाचा. वाचता येते का खालची ओळ?"

काय करायचं ते तिला माहीत होतं. डॉक्टरबाईंचं ते पाऊण पान तिनं कापण्याआधी इतक्या वेळा वाचलं होतं, की जे जे तिनं टाकून दिलं ते सगळं तिला पाठ होतं. घाम, थरथर, बरळणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. ती स्वयंपाकघरात धावली. डबे उघडले. तांदूळ, डाळ, मीठ. दुसरी फळी, पीठ, पोहे. तिसरी फळी, रिकाम्या बरण्या. आणि मग तिच्या ध्यानात आलं. साखरेच्या पेशंटच्या घरात साखर कुठली असणार? वर आईकडेही नाही, आईच्या घरातली साखर तर तिनंच हलवली होती! ती तशीच मधोमध उभी राहिली. बाहेरच्या खोलीत काका अजून कोणाला तरी ओळ वाचायला सांगत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. ते गप्प झाले तर? एकदा गप्प झाले की तोंडात काही घालताही येणार नाही.

ती बाहेर पळाली आणि समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं. कडेवर मूल घेतलेली एक बाई रागानंच दार उघडून उभी. "साखर! साखर द्या, काका मरताहेत!" ती बाई चटकन आत वळली आणि आख्खा डबाच घेऊन आली. पाण्यात ढवळायला चमचा सापडेना, कात्रीनं बोटानंच ढवळलं. आई तोवर कठड्याला धरून खाली आली होती. तिनं काकांच्या शेजारी बसकण मारली, त्यांचं डोकं आपल्या हातावर घेतलं आणि म्हणाली, "घ्या भाऊजी. मी देतेय, घ्या." काकांनी घोट घेतला. अर्धा गालावरून सांडला. पुन्हा एक घोट. समोरच्या बाईनं मूल एका हातानं सावरत रुग्णवाहिकेला फोन लावला.

दवाखान्यात पोचेपर्यंत काकांनी आईला ओळखलं होतं. "वहिनी, तुम्ही कशाला उतरलात जिना?" असंही म्हणाले. त्यांना आत घेतलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, वाचले, पण आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. या गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून आज इथेच ठेवायचं. आई आणि कात्री बाहेरच्या बाकावर बसल्या. आईनं तिचा हात हातात घेतला होता. हात अजून चिकट होता, साखरेनं.

एक नर्स बाहेर आली. "दोन गोळ्या एकदम घेतल्या म्हणतात आजोबा. असं कोणी सांगितलं त्यांना?"

आईनं मान ताठ केली. "पेटीनं सांगितलं. आणि तुम्हाला वाटेल, म्हातारीनं काहीतरी भलतंच ऐकलं असेल. तसं नाही हो. मी समोर होते. पेटीत उगाच काहीबाही नसतं, माझी लेक लिहिते त्यातलं." आणि लेकीचा हात तिनं जरा वर उचलून दाखवला. "ही."

नर्सनं कात्रीकडे बघितलं. कात्रीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आतून कोणीतरी हाक मारली म्हणून नर्स गेली.

"आई."

"काय गं?"

"ते मीच लिहिलं होतं."

"तेच तर सांगितलं मी तिला."

"नाही. डॉक्टरबाईंनी पुढे लिहिलं होतं, दोन एकदम घेऊ नका म्हणून. ते मी कापलं."

आईची बोटं जागच्या जागी थांबली. "कापलं? का गं?"

"लांब होत होतं."

आईनं हात सोडला नाही, पण त्यातली माया थोडा वेळ कुठेतरी गेली. हात नुसता हातात राहिला. कात्रीला वाटलं, आई रागावली तर बरं होईल, दोन शब्द बोलली तर बरं होईल.

"म्हणजे आता कोणी विचारलं तर नीट सांगेल ना ती?" आईनं विचारलं.

"नाही. मी दुरुस्त केलंय, पण तिच्यापर्यंत पोचलं नाही अजून. ती अजून तेच सांगते."

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा."

"आणि आजवर किती जणांनी विचारलं असेल?"

"कळत नाही आई. कोण विचारतं, कुठून विचारतं, ऐकून पुढे काय करतं, त्यातलं काहीच आमच्यापर्यंत येत नाही."

आई समोर बघत राहिली. समोर भिंत होती, पण तिला ती दिसत नव्हतीच. मग ती इतक्या हळू बोलली की कात्रीला वाकून ऐकावं लागलं.

"माझ्यासारखेच असणार गं सगळे. ज्याला वाचता येतं तो कशाला विचारेल तिला?"

कात्रीनं डॉक्टरबाईंचा नंबर काढला. पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला तशी "बाई, ते गोळीचं उत्तर..." एवढंच ती म्हणाली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग," आई म्हणाली. "पहिल्यापासून सगळं सांग."